साबळे सरांनी कापलेलं वाक्य

उस्मानपुऱ्यात एकनाथ रंगमंदिराच्या मागच्या गल्लीत पुंडलिक साबळे कोण म्हणून विचारलंत, तर लोक आधी त्यांचा आवाज सांगतील आणि मग माणूस. त्यांनी भाजीवाल्याकडं मेथीची जुडी मागितली तरी पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं कान टवकारायचं. लहानपणी भीमजयंतीच्या जलशात डफ धरून उभे राहिले, तेव्हा हा आवाज लोकांना सापडला. पुढं नोकरी पाटबंधारे खात्यात कारकुनाची लागली, पण खात्यातलं टेबल त्यांच्या लेखी नुसती विंग होती. संध्याकाळची तालीम सुरू होईपर्यंत थांबायची जागा. राज्य नाट्य स्पर्धेत त्यांनी वर्षानुवर्षं नाटकं बसवली, बापाच्या भूमिका केल्या, राजाच्या केल्या, एकदा तर मूळ नट आजारी पडला म्हणून आजीचीही केली आणि पहिल्या रांगेतल्या बायकांना रडवलं.

मुंबईहून बोलावणं आलं नाही. साबळ्यांनी त्याबद्दल कुणाला बोल लावला नाही. फक्त दाढी करताना आरशापुढं एखादं जुनं स्वगत म्हणायचे, आणि ते संपलं की सत्यभामाबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "पडल्या टाळ्या. आता आंघोळीला जा, पाणी निवतंय."

अशा माणसाला निवृत्तीनंतर पुन्हा रंगमंच मिळावा, आणि तोही एका कोचिंग क्लासमध्ये, ही विश्वजीतची करामत. विश्वजीत लहानपणी साबळ्यांच्या बालनाट्यात ससा झाला होता. आता त्याचा उस्मानपुऱ्यातच, एका झेरॉक्सच्या दुकानावर, क्लास होता. तो पेढे घेऊन आला आणि सरळ मुद्द्यावर आला.

"सर, डॉक्टर-इंजिनिअरची गर्दी सगळेच हाकतात. मी वेगळं सुरू केलंय. दिल्लीकडं, बंगळुरूकडं अशी कॉलेजं निघालीत की नुसत्या मार्कांवर घेत नाहीत. पोराची मुलाखत घेतात. हजारोंतून मूठभर निवडतात. पण निवडलं, तर गरिबाच्या लेकराला सगळं माफ, राहणं-खाणंसुद्धा. आपली पोरं हुशार आहेत हो. पण मुलाखतीला बसली की दगड होतात."

"मला इंग्रजी येत नाही, बाबा."

"इंग्रजी मी बघतो. तुम्ही माणूस बघा."

'तुम्ही माणूस बघा.' हे वाक्य साबळ्यांनी त्या दिवशी सत्यभामाबाईंना तीन वेगवेगळ्या ढंगांत म्हणून दाखवलं.

आणि खरोखर, त्यांनी पोरं बोलती केली. दारातून आत कसं यायचं, खुर्चीवर बूड टेकवून कसं बसायचं, प्रश्न आल्यावर लगेच उत्तराच्या अंगावर न धावता एक श्वास कसा घ्यायचा, हे सगळं ते करून दाखवत. प्रत्येकाकडून एक खरी गोष्ट मागत. ती आधी मराठीत नीट बांधायची आणि मग विश्वजीतनं तिला इंग्रजीत न्यायची, असा रिवाज पडला. "पाठ केलेलं मला नको," ते गरजत. "खोटं पहिल्या रांगेला नाही कळत, पण शेवटच्या रांगेला बरोबर कळतं!" मुलाखत लॅपटॉपवर असते, तिथं रांगा कुठल्या, असं विचारायची कुणाची छाती नव्हती.

प्रेरणा तिथंच आली. चितेगावची, बारावीची मुलगी. वडील गोकुळ एका कंपनीची कामगारांची बस चालवायचे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले, तेव्हा ती आठवीत होती. आई केसरबाई तिथल्याच एका कारखान्यात पॅकिंगला. शाळेतल्या बाईंनी या मुलीला विश्वजीतकडं पाठवलं होतं, कारण गणितात तिच्या पुढं कुणी नव्हतं. दिल्लीजवळच्या एका नावाजलेल्या विद्यापीठानं तिला मुलाखतीपर्यंत आणलं होतं. आता मुलाखत तेवढी उरली होती. ती जमली तर प्रेरणा जाणार होती, आणि नाही जमली तर पैठण रोडवरून रोज शेअर रिक्षानं जाता येईल असं एखादं कॉलेज होतंच.

पहिल्या दिवशी ती खुर्चीच्या कडेला टेकून बसली.

"बाळ, खुर्ची तुझ्या बापाची आहे असं समजून बस," साबळे म्हणाले. पोरं हसली.

"सर, माझे पप्पा ड्रायव्हर होते," ती शांतपणे म्हणाली. "ते पण सीटवर असंच पुढं सरकून बसायचे. पाय पुरायचे नाहीत त्यांचे."

पोरं आणखी हसली, तीही हसली, आणि साबळ्यांच्या अंगावर काटा आला. या मुलीकडं काहीतरी आहे, हे त्यांना तिथंच कळलं. असं कळण्याची त्यांना सवय होती आणि बहुधा ते चुकत नसत.

पण खरी गोष्ट द्यायला ती तयार होईना. गणितावर बोले, शाळेवर बोले. साबळे म्हणत, "हे सगळं पडदा उघडायच्या आधीचं. नाटक कुठंय?" शेवटी एका दुपारी बाकीची पोरं वडापाव खायला गेली असताना ती आपणहून त्यांच्यापुढं येऊन बसली.

"सर, सांगू? त्या दिवशी नळाला लई दिवसांनी पाणी आलं होतं. आई बाहेर पाणी भरत होती. पप्पा घाटी दवाखान्यात. आईचा फोन फडताळात वाजला, तिला ऐकू गेला नाही. मग माझ्या फोनवर आला. ऑनलाईन शाळेसाठी पप्पांनीच घेऊन दिलेला. माझा पेपर चालू होता, मी चिडले. पप्पा म्हणले, आई कुठंय. मी म्हणले, पाणी भरतीय, मग करा ना. तर म्हणले, बरं. मोठा ड्रम आधी भरा म्हणावं. मी फोन ठेवून दिला. मग नंतर फोन आला तो दवाखान्यातून." ती नखानं खुर्चीचं रेक्झिन उकरत होती. "हे मी कुणालाच सांगितलं नाही, सर."

साबळे रडले. मनापासून रडले, त्या रडण्यात काही नाटक नव्हतं. मग त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "प्रेरणा, हेच सांगायचं."

"हे? त्या लोकांना?"

"हेच. तुझ्या बापानं जाता जाता तुला दिलंय ते."

आता बघा, माणूस वाईट नव्हता. एवढं दुःख कुणीतरी एकदा नीट मांडावं, ते ऐकून जगानं दार उघडावं, यावर त्यांचा आयुष्यभराचा विश्वास. रंगमंचावर त्यांनी तसं होताना पाहिलं होतं. 'कुणालाच' म्हणजे आईलाही नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. त्यांचं डोकं पुढं धावलं होतं: कुठं थांबायचं, कुठं मान खाली घालायची.

तालमी सुरू झाल्या. वडिलांची वाक्यं साबळे स्वतः म्हणत, मागं उभं राहून, म्हणजे तिला ताल सापडावा. पहिल्या दोन-तीन वेळा तिला रडूच कोसळलं आणि पुढं जाता येईना. मग जाता येऊ लागलं. एकदा सगळ्या पोरांपुढं तिनं म्हटलं, तेव्हा ड्रमच्या वाक्याला मागं बसलेला माऊली नावाचा मुलगा फिस्सकन हसला. साबळ्यांनी त्याला झापलं, पण नंतर प्रेरणाला बाजूला घेतलं.

"ते ड्रमचं काढून टाक."

"का सर?"

"लोक हसतात. माणूस निघालाय आणि बोलतोय काय, तर ड्रम! ऐकणारा गोंधळतो. त्याऐवजी म्हण, 'आईला सांग, मी येतोय.'" आणि ते त्यांनी असं म्हणून दाखवलं की खालच्या झेरॉक्सवाल्यानं मशीन थांबवलं.

"पण पप्पा तसं म्हणले नव्हते."

"म्हणायचं होतं गं त्यांना. मनातलं फक्त आपण ओठावर आणतोय."

तिनं त्यांच्याकडं जरा वेळ पाहिलं आणि "हो सर" म्हणाली. सरांना नाही म्हणायचं नसतं, हे तिला शाळेनं शिकवलं होतं.

मुलाखत जवळ आली तसं तिचं काम घोटीव होत गेलं. आता डोळ्यांत पाणी येई ते बरोबर 'मी येतोय'च्या आधी, आणि गालावर ओघळायच्या आत आवरलं जाई. साबळ्यांनी घरी जाऊन सत्यभामाबाईंना कौतुकानं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, "म्हणजे पोरीचं रडू बसवलंत व्हय तुम्ही?"

"बसवलं नाही. वाट करून दिली."

सत्यभामाबाई पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

साबळ्यांचा एक नेम होता. रंगीत तालमीशिवाय प्रयोग नाही, आणि रंगीत तालीम रिकाम्या खुर्च्यांपुढं नाही. प्रत्येक नटाचं एक तरी आपलं माणूस पुढच्या रांगेत हवं. त्यानं नट फुलतो. म्हणून मुलाखतींच्या आदल्या रविवारी त्यांनी सगळ्या पालकांना बोलावलं. विश्वजीत म्हणाला, "सर, कशाला उगीच? आणि घ्यायचीच तर इंग्रजीत घेऊ, सराव तरी होईल."

"आपल्या माणसांपुढं आपल्या भाषेत," साबळे म्हणाले. विषय मिटला.

प्रेरणा म्हणाली, "माझी आई नाही येणार सर. रविवारीबी कारखान्यात पाळी असते तिची." म्हणताना तिचा चेहरा सैल झाला होता, आणि साबळ्यांना त्यात एका लेकराची खंत दिसली. त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतः केसरबाईंना फोन लावला. "बाई, एक दिवस खाडा करा. लेकीला मात्र कळू देऊ नका."

रविवारी क्लासचा हॉल भरला. केसरबाई थोड्या उशिरा आल्या. ठेवणीतली साडी, घाम पुसत, दारातच चपला काढून. साबळ्यांनी त्यांना हातानं खुणावून पुढच्या रांगेत राखून ठेवलेल्या खुर्चीवर बसवलं. प्रेरणाचा नंबर आला. तिनं कुणाकडं पाहिलंच नाही. नजर लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात ठेवायची, समोर हलायची नाही, हेही सरांनीच शिकवलेलं.

आणि काय सांगावं, मुलीनं काम असं केलं की पंखे बंद केल्यासारखं वाटलं. फडताळातला फोन, चिडणं, "पाणी भरतीय, मग करा ना." मग तो थांबा. मग खाली घातलेली मान. "पप्पा म्हणाले, आईला सांग, मी येतोय."

टाळ्यांनी छप्पर हललं. प्रेरणानं कॅमेऱ्यावरून नजर काढली आणि पुढची रांग पाहिली.

केसरबाई टाळ्या वाजवत नव्हत्या, रडतही नव्हत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळलेलं तसंच होतं. त्या उठल्या. टाळ्या विरत गेल्या आणि त्या शांततेत त्यांचं बोलणं सगळ्यांना ऐकू आलं.

"तुला फोन आला व्हता?"

"आई..."

"माझ्या फोनवर त्यांचा मिस कॉल व्हता. येवढी वर्सं मी म्हनतीय, मी पाण्यापायी त्यांचा शेवटचा फोन घेतला नाय. रोज म्हनतीय. तुझ्यासमोर म्हनतीय. आन् तुला आला व्हता?"

मागून सर्जेराव म्हणून एका मुलाचे वडील शेजाऱ्याला म्हणाले, "लई भारी! आईलाबी घेतलं का नाटकात?"

केसरबाईंनी लेकीला रागावलं नाही. तिची सॅक उचलून खांद्याला लावली. "चल," म्हणाल्या, "रिक्षा जाईल." दोघी मधल्या वाटेनं गेल्या. साबळे जागेवरून हलले नाहीत. रंगमंचावर कुणी वाक्य विसरलं तर सावरून कसं घ्यायचं, हे त्यांना उभ्या महाराष्ट्रापेक्षा जास्त ठाऊक होतं; त्या दिवशी त्यांना एक अक्षर सुचलं नाही.

मुलाखतीच्या दिवशी प्रेरणा एकटी आली. "जय भीम, सर," म्हणाली आणि काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसली. साबळे आणि विश्वजीत काचेबाहेर. पडद्यावर तीन माणसं हसरी, सभ्य. गणिताचं तिनं झपाझप सांगितलं. मग त्यांतल्या बाईंनी काहीतरी विचारलं आणि विश्वजीत कुजबुजला, "आला, आपला प्रश्न आला. आयुष्यातला सगळ्यात कठीण प्रसंग."

प्रेरणा थांबली. हा थांबा साबळ्यांनी शिकवलेला नव्हता. तो लांबत गेला, कुरूप झाला. नट वाक्य विसरतो तेव्हा त्याचे डोळे वर जातात. हिचे गेले नाहीत. मग ती काहीतरी छोटंसं बोलली आणि विश्वजीतनं कपाळाला हात लावला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, माझे वडील वारले, त्याबद्दल मी आज बोलू शकणार नाही."

ती बाहेर आली तेव्हा साबळ्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "होतं, बाळ. नाही सुचलं ना?"

"सुचलं, सर. सगळं पाठच आहे." तिनं त्यांच्याकडं पाहिलं, त्यात रागही नव्हता. "पण पप्पांचं वाक्य म्हणायला गेले की आता तुमचा आवाज येतो. मी लई प्रयत्न केला. त्यांचा येतच नाही."

साबळ्यांचा हात तिच्या डोक्यावरून आपोआप खाली आला.

निवड झाली नाही. विश्वजीत म्हणाला, "सर, मूठभरच घेतात हो. हे काय आपल्या हातात?" माणूस म्हणून त्यानं तसं म्हणणं बरोबर होतं. प्रेरणानं शहरातल्याच एका कॉलेजात नाव घातलं. साबळे क्लासला जाईनासे झाले. दाढी करतानाही गप्प. सत्यभामाबाई पाणी निवतंय म्हणून हाक मारायच्या, आणि ते आधीच न्हाणीघरात गेलेले असायचे.

जुलैच्या एका सुट्टीच्या दिवशी दारात केसरबाई उभ्या. साबळे गडबडून उठले, शर्टाच्या गुंड्या लावायला लागले.

"बसा सर. मी भांडाया आली नाय." सत्यभामाबाईंनी दिलेलं पाणी त्या सगळं प्यायल्या, तांब्या खाली ठेवला. "येक इचारायचं व्हतं. पोरगी आता काईच सांगत नाय. इचारलं की उठून जाते. तिच्यावर माझा राग नाय वो. तेव्हा लेकरूच व्हती ती. आन् माझ्या छातीवर हाय तसलंच वझं तिनं येकटीनं वाह्यलं. पन ते काय म्हनले, तेवढं मला पायजे. तुमी लई डाव ऐकलं आसंल. त्या दिवशी मधनंच माझे कान बंद झाले. येवढंच ध्यानात ऱ्हायलं, आईला सांग, मी येतोय."

साबळ्यांनी राहिलेली गुंडी लावली.

"पन सर, येवढा संसार केला, हे मानूस आसं कधी बोललं नाय. येतो म्हनून सांगायचं नाय. नुस्तं दारात येऊन उभं ऱ्हायचं, आन् वर म्हनायचं, च्या ठेवला नाय का अजून? मग येवढं गोड कामून बोलले? जायचं कळलं व्हतं का त्यान्ला?"

'हो' म्हणणं सोपं होतं. एकाच अक्षराचं काम, आणि ते साबळ्यांनी जन्मभर केलं होतं. बाई निवांत झाली असती. त्यांनी मान वर केली. स्वयंपाकघराच्या दारात सत्यभामाबाई चहाचं भांडं हातात घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्याकडंच बघत होत्या.

"नाही, बाई," साबळे म्हणाले. "ते माझं वाक्य आहे. मी घातलेलं."

"तुमी?"

"त्यांचं मी काढून टाकलं. एक पोरगं हसलं म्हणून."

"मग त्यांचं काय व्हतं?"

साबळ्यांनी डोळे मिटले. प्रेरणा ते पहिल्यांदा बोलली ती दुपार त्यांनी धुंडाळून पाहिली. त्या गोष्टीतलं बाकीचं सगळं त्यांच्याच हातानं इतकं घासलेलं होतं की मूळ कुठलं आणि बसवलेलं कुठलं, हे आता त्यांनाही सांगता आलं नसतं. पण कापलेल्या त्या एका वाक्याला पुन्हा हातच लागला नव्हता. ते जसंच्या तसं होतं.

ते त्यांनी सांगितलं. आवाज लावला नाही, थांबा घेतला नाही. रेशनच्या दुकानात माणूस आपला नंबर सांगतो तसं सांगितलं.

"म्हणाले, बरं. मोठा ड्रम आधी भरा म्हणावं."

केसरबाई आधी हसल्या. पदर तोंडावर धरून, खांदे हलवून हसल्या. "निळा ड्रम! कंपनीतून आनला व्हता त्यांनी बसच्या टपावर टाकून. मी आधी हंडे भरायची, त्यांचं म्हननं मोठा आधी. त्याच्यावरून नेमानं भांडन. दवाखान्यात पडूनबी तेच!" आणि मग पदर तोंडावरून डोळ्यांवर गेला.

"त्या दिवशी मी हंडेच भरत बसले, सर. मोठा भरायच्या आत नळ गेला."

सत्यभामाबाई भांडं खाली ठेवून त्यांच्या शेजारी येऊन बसल्या.

निघताना केसरबाई दारात थांबल्या. "पोरगी खाली उभी हाय. वर ये म्हनलं तर आली नाय. हिला सांगते. हेच म्हनले व्हते ना, म्हनून इचारते."

"तिला म्हणावं..." साबळ्यांनी सुरुवात केली. जो आवाज पलीकडच्या गल्लीत जायचा, तो घशाच्या बाहेर येईना. केसरबाईंनी थोडं थांबून पाहिलं, मान हलवली आणि जिना उतरल्या.

साबळे गॅलरीत आले. खाली वळणावर बंद दुकानाच्या शटरला टेकून प्रेरणा उभी होती, सॅक पोटाशी धरून. केसरबाई तिच्याजवळ गेल्या आणि काहीतरी बोलल्या. वरून ऐकू आलं नाही. मुलीनं आईकडं पाहिलं. मग शटरवरून घसरत घसरत ती तिथंच पायरीवर बसली. तोंड वेडंवाकडं झालं, नाकातून पाणी आलं, आणि आई रस्त्यातच तिच्यापुढं उकिडवी बसली. येणारेजाणारे वळून बघत होते.

साबळे सर आत सरकले आणि गॅलरीचं दार त्यांनी ओढून घेतलं.